दोन वह्यांची साक्ष

संत एकनाथांची एक कथा आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना गुरूंनी त्यांच्यावर हिशेबाचे काम सोपविले होते. एकदा हिशेबात एका पैचा फरक येऊ लागला. नाथ दिवा लावून रात्रभर बसले आणि ती पै सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. ही कथा सांगताना कीर्तनकार एकाग्रतेवर बोलतात, गुरुभक्तीवर बोलतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कथेतील एका साध्या गोष्टीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. एका पैचा फरक आहे, हे मुळात कळते कसे? त्यासाठी दोन ठिकाणचे आकडे एकमेकांसमोर ठेवावे लागतात. ज्याच्याजवळ एकच आकडा आहे, त्याला फरक कधीच दिसत नाही.

आज असा फरक शोधण्यासाठी कुणाला रात्र जागवावी लागत नाही. तालुक्याच्या गावातील मध्यम दुकानातसुद्धा आता संगणक आहे आणि त्यात हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे. बंगळूरूच्या कंपनीने १९८६ पासून वाढविलेले टॅली तर इतके रुळले आहे की, 'हिशेब लिहिला' असे न म्हणता लोक 'टॅलीत टाकले' असे म्हणतात. बँकेच्या खात्याचा उतारा संगणकात घेतला की, आपल्या वहीतील नोंदी आणि बँकेच्या नोंदी यांची जुळवणी हे सॉफ्टवेअर काही क्षणांत करून देते. ही सोय उत्तम आहे आणि तिचा वापर वाढला पाहिजे, असे माझे मत आहे. परंतु आज ती पुष्कळ ठिकाणी ज्या रीतीने वापरली जाते, त्या रीतीने तिचा मूळ हेतूच नाहीसा होत आहे. तेच या लेखात मांडावयाचे आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा तर वाणिज्य शाखेचा प्रांत! पण महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातील मी पहिलीच, आणि फीचा काही भाग स्वतः मिळवावा म्हणून गेले वर्षभर संध्याकाळी दोन तास मी हिशेब लिहून देणाऱ्या एका कार्यालयात नोंदी करण्यास जाते. तेथे जे पाहिले आणि घरी जे सोसले, त्यावरून हे मत बनले आहे.

प्रथम जुळवणी म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. व्यापाऱ्याचा बँकेशी जो व्यवहार होतो तो दोन वह्यांत लिहिला जातो. एक वही त्याची स्वतःची, दुसरी बँकेची. दोन्ही वह्यांत एकच गोष्ट उलट्या बाजूंनी दिसते. आपण बँकेत पैसे ठेवले की बँक आपली ऋणको होते, म्हणून आपल्या वहीत ती रक्कम बँकेच्या नावे पडते. आणि बँकेच्या दृष्टीने आपण धनको, म्हणून तिच्या वहीत तीच रक्कम आपल्या खात्यावर जमा होते. दोन्ही वह्या बिनचूक असल्या तरी एखाद्या दिवशी त्यांची शिल्लक सारखी असेलच असे नाही. शनिवारी ठोक व्यापाऱ्याला आठ हजारांचा धनादेश दिला, तर आपल्या वहीत तो शनिवारीच खर्ची पडतो. त्या व्यापाऱ्याने तो गुरुवारी भरला, तर बँकेला तो तेव्हाच समजतो. उलट बँकेने व्याज दिले किंवा शुल्क कापले, तर ते आधी बँकेच्या वहीत येते आणि आपल्याला मागाहून कळते. असे प्रत्येक फरकाचे कारण शोधून कागदावर मांडणे, यालाच बँक जुळवणी पत्रक म्हणतात.

इटालियन गणिती लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली. तेव्हापासून जमा आणि नावे या दोन्ही बाजू सारख्या आल्या की हिशेब ठीक, असे समजले जाते. परंतु त्या दोन्ही बाजू लिहिणारा हात एकच असतो. लिहिणाऱ्याने दोन्हीकडे सारखीच चूक केली, किंवा सारखीच लबाडी केली, तरी बेरजा जुळतात. बँक जुळवणीत मात्र प्रथमच दुसऱ्या हाताने लिहिलेली वही समोर येते. न्यायालयात दोन साक्षीदारांना वेगवेगळे बोलावून विचारतात, तसाच हा प्रकार आहे. त्यांनी एकमेकांचे ऐकून साक्ष दिलेली नसते, म्हणूनच तिला मोल असते.

आता यंत्राचे गुण सांगितले पाहिजेत. पूर्वी पासबुकातील एकेका ओळीवर पेन्सिलीने खूण करीत बसावे लागे. आता बँकेकडून आलेली फाईल सॉफ्टवेअरमध्ये घेतली की ते रक्कम, तारीख, धनादेशाचा क्रमांक किंवा व्यवहाराचा संदर्भ क्रमांक पाहून जोड्या लावते. जोडी लागलेल्या नोंदीपुढे बँकेची तारीख पडते आणि न जुळलेल्या नोंदी वेगळ्या उरतात. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. कोणता धनादेश दिला आणि तो अजून वटला नाही, हे अशा यादीत लगेच दिसते. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि छोट्या दुकानाच्या खात्यातही दिवसाला शेकडो ओळी पडू लागल्या. त्यांवर पेन्सिलीने खुणा करीत बसणे माणसाच्या आवाक्यातले नाही, हे कुणीही मान्य करील.

दुसरा लाभ वेळेचा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. खात्यातून परस्पर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पैसे गेले, त्यात ग्राहकाचा आणि बँकेचा दोष नसला, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर त्या नुकसानीचा भार पडणार नाही, असे त्यात म्हटले होते. चार ते सात दिवस लागले, तर काही भार त्याच्यावर येणार होता. आता सांगा, ज्या दुकानात जुळवणी वर्षातून एकदा, विवरणपत्र भरण्याच्या वेळी होते, त्या दुकानदाराला अशा तीन दिवसांचा काय उपयोग? बँकेचा संदेश फोनवर येतो खरा. पण दिवसाला शंभर संदेश येणाऱ्या फोनमध्ये एक चोरटा संदेश लपून जातो. रोज संध्याकाळी जुळवणी करणाऱ्याला मात्र तो नुसता उरलेल्या ओळींत दिसतो.

तिसरा लाभ खरेपणाचा. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. पुढे चौकशीत बँकेचे खोटे उतारे तयार केल्याचे उघड झाले. म्हणजे दुसरा साक्षीदारच बनावट उभा केला होता. कागदी उतारा कुणाच्या तरी हातून येतो आणि त्या हातावर विश्वास ठेवावा लागतो. बँकेकडून थेट सॉफ्टवेअरमध्ये येणाऱ्या उताऱ्यात असा मधला हात राहत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचीच गोष्ट कशाला? मालक म्हातारा, कारभार नोकराच्या हाती, अशा दुकानांनाही हेच लागू पडते.

इतके गुण असताना मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, यंत्राकडून जुळवणी करून घ्यावयाची तर जुळवावयास दोन वह्या हव्यात, आणि आज पुष्कळ दुकानांत पहिली वही लिहिलीच जात नाही. मी ज्या कार्यालयात काम करते तेथे दुकानदार वर्षअखेरीस येतात आणि बँकेचा बारा महिन्यांचा उतारा पाठवून देतात. तोच उतारा सॉफ्टवेअरमध्ये घेऊन त्याच्या ओळींवरून नोंदी तयार होतात. 'विमा' शब्द दिसला की विमा खर्च, वीज कंपनीचे नाव दिसले की वीजबिल, आणि काहीच उमगले नाही तर उचंत खाते. नंतर त्याच उताऱ्याशी त्याच नोंदींची जुळवणी होते आणि पडद्यावर फरक शून्य येतो. दुकानदार समाधानाने घरी जातो. पण वाचकहो, उतारा मूळ प्रतीशी जुळला यात नवल ते काय? एकाच साक्षीदाराला दोनदा उभे केले आणि दोन्ही वेळा तो तेच बोलला, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याने माल उधार नेणाऱ्या पाच जणांचे पैसे आलेच नाहीत, हे तो शून्य फरक सांगत नाही. जे बँकेत आलेच नाही, ते बँकेच्या उताऱ्यात कुठून दिसणार?

याचा चटका आमच्या घरालाच बसला. खरिपाच्या वेळी वडिलांनी एका दुकानातून खते उधार आणली होती. ४,८०० रुपये देणे होते. वडिलांचा फोन साधा, बटणांचा. त्यांनी पैसे माझ्या चुलतभावाजवळ दिले आणि त्याने आपल्या फोनवरून दुकानाच्या खात्यात पाठविले. दुकानदाराला तसे तोंडी सांगितलेही. त्याने मान हलविली, पण वहीत काही लिहिले नाही. बँकेच्या उताऱ्यात चुलतभावाचे नाव आले. त्या नावाचे गिऱ्हाईक दुकानाच्या यादीत नव्हते. मात्र ४,८०० रुपये येणे असलेले दुसरे एक गिऱ्हाईक होते. रक्कम तंतोतंत जुळत असल्यामुळे सॉफ्टवेअरने जोडी सुचविली, कुणीतरी होकाराचे बटण दाबले आणि आमचे पैसे त्याच्या खात्यावर जमा झाले. बँकेची शिल्लक पैशापर्यंत जुळली! दिवाळीच्या आधी भर बाजारात, चारचौघांसमोर वडिलांना बाकीचे पैसे मागितले गेले. ते म्हणाले, 'दिले आहेत.' पलीकडून उत्तर आले, 'कॉम्प्युटरमध्ये नाहीत.' त्यावर बोलण्यासारखे वडिलांकडे काही नव्हते. ते घरी येऊन न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या फोनमधला बारा अंकी संदर्भ क्रमांक घेऊन मी दुकानात गेले, तेव्हा चूक सापडली. दुकानदाराने लगेच दुरुस्ती केली आणि वडिलांची माफीही मागितली. तो माणूस लबाड नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. लबाड असता तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते; लबाडीवर सारेच लिहितात.

या प्रसंगावरून मला एक गोष्ट उमगली. पैसे कुणाच्या खात्यातून आले, हे बँकेला ठाऊक असते. ते कुणासाठी आले आणि कशाबद्दल आले, हे तिला ठाऊक नसते. ते त्या क्षणी फक्त दुकानातच ठाऊक असते आणि तेथेच ते लिहिले गेले पाहिजे. त्या दिवशी गल्ल्यावर 'अमुक यांचे ४,८०० पुतण्याच्या फोनवरून आले' एवढी एक ओळ लिहिली असती, तर दुसरा साक्षीदार तयार झाला असता आणि यंत्राला चुकीची जोडी लावताच आली नसती. रकमा जुळतात तेव्हा बँकेशी मेळ बसतो. माणसांशी मेळ बसला की नाही, ते वेगळेच राहते. आणि मेळ बसला नाही तर भुर्दंड कुणाला? ज्याच्याजवळ मोठा फोन आहे, इंग्रजी संदेश वाचता येतो, त्याला नव्हे. तो क्रमांक दाखवून मोकळा होतो. भुर्दंड बसतो तो शब्दावर व्यवहार करणाऱ्याला.

उताऱ्यावरून वही लिहिण्यात दुकानदाराचेही हित नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, त्याने कार्डावर १०,००० रुपयांचा माल विकला. कार्डाची सेवा देणाऱ्याने एक टक्का, म्हणजे १०० रुपये शुल्क आणि त्यावर अठरा टक्के दराने १८ रुपये जीएसटी कापला. बँकेत ९,८८२ रुपये आले. उताऱ्यावरून लिहिणारा विक्री ९,८८२ लिहील आणि त्याची जुळवणीही बिनफरक होईल. पण विक्री १०,००० चीच होती! ११८ रुपयांचा खर्च अदृश्य झाला, आणि विवरणपत्रातील विक्री व बिलांची बेरीज यांत तफावत पडली. शिवाय पुष्कळदा दिवसभराच्या विक्रीची रक्कम दुसऱ्या दिवशी एकत्रित येते. पंचवीस गिऱ्हाइकांची मिळून एकच ओळ! तिच्यावरून कोणाचे किती आले, हे कोणते यंत्र सांगणार?

काहीजण म्हणतील, 'छोट्या दुकानदाराला एवढा वेळ कुठे आहे? एकट्या माणसाने माल द्यावा, पैसे घ्यावेत की नोंदी लिहाव्यात?' हा आक्षेप खोटा नाही. परंतु सर्व काही हाताने लिहा, असे मी म्हणत नाही. रोखीच्या विक्रीची बिले संगणकावर होत असतील, तर ती बिलेच पहिली वही झाली. तिची दिवसाची बेरीज पुरे. उधारीची वसुली, दिलेले धनादेश आणि पाठविलेले पैसे, एवढेच त्या त्या वेळी लिहावे. दिवसाला दहापंधरा ओळींचे काम आहे. जुळवणीचे कष्ट यंत्राने घ्यावेत आणि त्यातून वाचलेला वेळ दुकानदाराने न जुळलेल्या नोंदी वाचण्यात घालवावा. केवळ रक्कम सारखी म्हणून सुचविलेली जोडी, संदर्भ क्रमांक किंवा गिऱ्हाईक पटल्याशिवाय मान्य करू नये. उचंत खाते ही धर्मशाळा आहे. तेथे आलेल्या नोंदीने महिनाअखेर मुक्काम हलविलाच पाहिजे. पैसे पाठविणारा आणि जुळवणी पाहणारा शक्यतो एकच नसावा. दुकानात नोकर लिहीत असेल, तर उरलेली यादी मालकाने स्वतः वाचावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असे सॉफ्टवेअर वापरणे सक्तीचे झाले की, ज्यात नोंद कुणी केव्हा बदलली याची खूण राहते आणि ती बंद करता येत नाही. एकट्या मालकीच्या दुकानाला ही सक्ती लागू केलेली नाही, पण चांगली सवय लावून घ्यावयास सक्ती कशाला हवी?

मोठ्या संस्थांना शहाणपण आपोआप येते असेही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा गैरव्यवहार उघड झाला. भारतीय बँकांच्या परदेशातील शाखांना हमी देणारे संदेश एका यंत्रणेतून जात होते आणि बँकेचा मुख्य हिशेब दुसऱ्या यंत्रणेत होता. दोन्ही एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. संदेश गेले, पण हिशेबात नोंद नाही, आणि वर्षानुवर्षे कुणी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या नाहीत. म्हणजे दोन यंत्रे असूनही ताळा नाही. आमच्या बाजारपेठेत याच्या उलट घडते आहे. तेथे ताळा रोज जमतो, पण वही एकच आहे. दोहोंचा परिणाम एकच, की खरे काय ते कळत नाही.

शेवटी माझ्यासारख्या विद्यार्थ्यांविषयी थोडेसे. आपल्यापैकी पुष्कळजण घरातील पहिलेच शिकणारे आहेत. घरातले कागद, बँकेचे संदेश, पासबुके आपल्याच हातात येतात. बँकेच्या उताऱ्यातील तुटक इंग्रजी अक्षरे आपल्या आईवडिलांना लागत नाहीत, गल्लीतील पिठाच्या गिरणीवाल्याला लागत नाहीत, आणि महिला बचत गटाच्या अध्यक्षांनाही लागत नाहीत. म्हणून ती माणसे सारा हिशेब दुसऱ्याच्या स्वाधीन करतात आणि शून्य फरक पाहून निश्चिंत होतात. आपण साहित्य शिकतो, इतिहास शिकतो. एका बखरीवर विसंबू नये, दुसऱ्या साधनाशी ताडून पाहावे, हे इतिहासाच्या तासाला आपल्याला शिकवले जाते. तोच नियम रोजच्या हिशेबाला लावावयाचा आहे. त्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरातील एक संध्याकाळ गावातील बचत गटाबरोबर बसून त्यांची वही आणि त्यांचे पासबुक समोरासमोर ठेवण्यात का घालवू नये?

यंत्राने जुळवावे, यात कमीपणा नाही. परंतु जुळवावयास आपल्या हातची एक वही असलीच पाहिजे. ती रोज, व्यवहार घडताक्षणी, कुणाचे आणि कशाबद्दल याच्या नोंदीसह लिहिली जावी, एवढीच अपेक्षा आहे. ज्या दुकानात ती लिहिली जाते, तेथे 'कॉम्प्युटरमध्ये नाहीत' हे उत्तर कुणालाही ऐकावे लागणार नाही.